समोरच्या बाजूचा माणूस

सकाळी ६.३०

बाजार कसा उघडेल याचा अंदाज देणारा गिफ्ट निफ्टी साडेसहाला सुरू होतो. आरेतल्या आमच्या घरी मोबाइलला रेंज दोनच ठिकाणी धड मिळते, पडवीच्या डाव्या कोपऱ्यात आणि विहिरीच्या कठड्यापाशी. पाऊस असला की विहीर बाद. आज पडवीत बसून आकडा बघितला. कालच्या बंद भावाच्या थोडा वर, म्हणजे काहीच न सांगणारा. सप्टेंबर २०२५, पितृपक्षातला मंगळवार. निफ्टीच्या ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस, म्हणजे साप्ताहिक एक्स्पायरी, याच महिन्यापासून गुरुवारवरून मंगळवारवर आली आहे. पक्षपंधरवड्यात कुणी नवीन काही करत नाही, असं आई दर वर्षी सांगते आणि डबा मात्र वेळेवर भरते.

मी प्रॉप डेस्कवर जॉबर आहे. कंपनी मुंबईची, ऑफिस रत्नागिरीत. ग्राहक कुणी नाही. पैसा कंपनीचा, सौदे मी करायचे. महिन्याला ठरलेली छोटी रक्कम मिळते आणि निव्वळ नफ्यात वाटा. तोटा झाला तर खिशातून भरावा लागत नाही, पण तो पुढे ओढला जातो. मागचा खड्डा बुजेपर्यंत वाटा शून्य. 'फी भरा, परीक्षा द्या, फंडेड अकाउंट मिळवा' अशा जाहिराती मोबाइलवर येतात, त्या धंद्याशी याचा संबंध नाही. तिथे कमाई बहुतेक फीची असते.

७.४०

गाडी काढली. आरेहून काळबादेवी, साखरतरचा पूल, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि मग शहर. आरे-वाऱ्याच्या ज्या वळणावर पर्यटक सेल्फीसाठी थांबतात, त्याच वळणावर पावसाळ्यात सुरूच्या ओल्या काड्यांवरून चाक घसरतं. मी तिथे समुद्राकडे बघत नाही.

८.३०

एका दुकानाच्या वरचा मजला. टर्मिनलं, इन्व्हर्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटच्या लाइनी. लॉगिन केलं की पहिल्यांदा लिमिट तपासायचं. किती लॉट उघडे ठेवता येतील आणि दिवसाचा तोटा किती झाला की टर्मिनल लॉक होईल, हे दोन्ही आकडे मुंबईचा रिस्क डेस्क ठरवतो. नवीन पोरांना ही बेडी वाटते. माझं मत उलट आहे. स्वतःच्या पैशावर खेळणाऱ्याला संध्याकाळी घरी पाठवणारं कुणी नसतं, हीच त्याची सगळ्यात मोठी अडचण.

९.००

प्री-ओपन. साधारण आठ मिनिटं ऑर्डरी गोळा होतात, मग भाव ठरतो, सव्वानऊला बाजार उघडतो. या वेळात मी फक्त वहीत लिहितो, गेल्या आठवड्यात कोणत्या शेअरच्या चालू आणि पुढच्या महिन्याच्या फ्युचरमधला फरक किती ते किती राहिला. लोकांना वाटतं, ट्रेडर म्हणजे बाजार वर जाणार की खाली हे ओळखणारा. मला ते येत नाही आणि त्यासाठी मला कुणी ठेवलेलंही नाही.

९.१५ ते ११

कामाचे खरे तास हेच. एक शेअर घ्या. सप्टेंबरचा फ्युचर ४१२.३०, ऑक्टोबरचा ४१४.६५. फरक २.३५. हा फरक साधारण २.२० ते २.६० मध्ये हिंडतो. कुणा मोठ्या खेळाडूने सप्टेंबर भराभर उचलला की तो आकसतो. २.२० ला आला की मी सप्टेंबर विकतो आणि ऑक्टोबर घेतो. फरक २.५५ झाला की उलटं करून बाहेर. शेअर पडो की चढो, मला फक्त त्या दोघांमधलं अंतर सांभाळायचं असतं.

आता हिशोब. लॉट १,२०० शेअरचा धरा. पस्तीस पैसे सुटले म्हणजे ४२० रुपये. पण मी दोनदा विकलं. फ्युचरच्या विक्रीवर सप्टेंबर २०२५ मध्ये ०.०२ टक्के एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, होता, १ ऑक्टोबर २०२४ पासूनचा. जवळपास पाच लाखांचा सौदा, म्हणजे दर विक्रीला शंभराच्या आसपास आणि दोन्ही मिळून दोनशे. वर एक्स्चेंजचं शुल्क, स्टॅम्प ड्युटी. अडीचशे गेले. हातात दीड-पावणेदोनशे, त्यातला माझा वाटा आणखी लहान. वीस पैशांवर समाधान मानून बाहेर पडलो असतो, तर २४० मिळाले असते आणि त्याहून थोडे जास्तच भरावे लागले असते. म्हणून पस्तीस पैशांची वाट बघत बसायचं. ती वाट बघणं हेच कौशल्य, बाकी बटणं कुणीही दाबेल.

११.३० ते १

काही नाही. फरक २.३५ ला चिकटून बसला आहे. बाजूच्या टेबलावरचा मुलगा कंटाळून सौदे करायला लागला, तेव्हा आमच्या सीनियरनी त्याला खाली चहा आणायला पाठवलं. त्यांनी मुंबईच्या शेअर बाजाराच्या रिंगणात हाताच्या खुणांनी जॉबिंग केलं आहे. १९९४ साली एनएसई स्क्रीनवर सुरू झालं, पुढच्याच वर्षी बीएसईचं बोल्ट आलं आणि रिंगण संपलं. "तेव्हा समोरच्याचा चेहरा दिसायचा," एवढंच ते सांगतात. आता समोर बहुतेक वेळा चेहराच नसतो. मोठ्या कंपन्यांच्या मशीन मुंबईत एक्स्चेंजच्याच आवारात रॅकवर बसलेल्या असतात. माझी ऑर्डर रत्नागिरीहून निघून काचेच्या तारेतून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर जाते. प्रकाशाच्या वेगाने गेली तरी दीड-दोन मिलिसेकंद लागतात. रॅकवरची मशीन मायक्रोसेकंद मोजते. त्यांना जिथे थांबायला परवडत नाही तिथे थांबायचं, एवढीच माझी जागा.

१.१०

नेट गेलं. सप्टेंबर विकला गेला होता, ऑक्टोबरची खरेदी अडकली. जॉबरच्या भाषेत लेग लटकला. कुठेतरी रस्ता खोदताना केबल तुटली होती आणि दुसरी लाइनही तिच्याच खांबावरून आलेली निघाली. दोन कंपन्या, दोन बिलं, खांब एक. मुंबईच्या डेस्कला फोन केला. "सर, एक लॉट शॉर्ट उघडा आहे, काढा." त्यांनी काढला. तोवर भाव ऐंशी पैसे वर गेला होता, म्हणजे ९६० रुपये. सकाळचे पाच-सहा चांगले सौदे गेले.

२.३०

लाइन परत आली. एक्स्पायरीचा शेवटचा तास सुरू. आमच्या काही टेबलांवर ऑप्शन विकतात, मंगळवारी मीही थोडे विकतो. निफ्टीपासून दूरच्या कॉलला आता मिरकरवाड्याच्या बंदरावर दुपारनंतर उरलेल्या बांगड्यासारखा भाव. साडेचार रुपये. पंचाहत्तरचा लॉट, म्हणजे साडेतीनशेच्या आत. स्वस्त दिसतो म्हणून लोक घेतात. बहुतेकांना हे माहीत नसतं, की हिशोब निफ्टीच्या शेवटच्या आकड्यावर नाही, तर तीन ते साडेतीनच्या सरासरीवर होतो. तीन वाजून वीस मिनिटांनी निफ्टी उडाला तरी सरासरी तेवढी उडत नाही. विकणाऱ्याला हे पाठ असतं. मी विकलेल्या त्या कॉलला वरून पांघरूण म्हणून आणखी लांबचा कॉल घेतलेला असतो. रिस्क डेस्क त्याशिवाय विकूच देत नाही.

तेवढ्यात शेजारच्या होमस्टेवाल्या पोराचा मेसेज: "दादा, साडेचारला मिळतोय. घेऊ?" तोच कॉल. मी उत्तर देत नाही. घे म्हणणं चूक आणि नको म्हणणंही माझ्या नोकरीत बसत नाही.

सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास मी त्याला दोनदा दाखवला आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांनी पैसे घालवले, मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. एकट्या २०२३-२४ मध्ये, खर्च धरण्याआधी, प्रॉप ट्रेडरांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८ हजार कोटी कमावले. सामान्यांचा तोटा ६१ हजार कोटी. बेरीज जुळते. प्रॉपच्या नफ्यातला ९६ टक्के भाग अल्गोने काढलेला. आमच्या मजल्यावरची सगळी माणसं उरलेल्या चार टक्क्यांतली.

३.३०

घंटा वाजत नाही, स्क्रीन नुसती थांबते. कॉल शून्यावर गेला. लेगचा तोटा त्याने भरून निघाला आणि थोडं वर राहिलं. एमटीएमचा, म्हणजे दिवसाच्या नफ्या-तोट्याचा, आकडा वहीत, शेजारी कारण. 'नशीब' हे कारण लिहायला आमच्याकडे मनाई आहे. नफा झाला तरी. पाच वाजता नेटवाल्याला फोन करून दुसरी लाइन वेगळ्या खांबावरून मागितली. तो म्हणाला, बघतो.

संध्याकाळी ७.३०

पोरगा पडवीत येऊन बसला. साडेतीनशे गेले, असं हसतच सांगितलं.

"पण दादा, मी घेतला म्हणजे कुणीतरी विकला असणार ना?"

"हो."

"कोण असतो तो?"

"मशीन. एखादी परदेशी कंपनी. मुंबईतला कुणी. आज कदाचित मी."

तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने थोडा विचार केला.

"मग मला तुमच्याकडे लावा की."

मी सांगितलं, आधी एनआयएसएमची आठव्या मालिकेची परीक्षा, तीन वर्षांनी पुन्हा. मग पहिले कितीतरी महिने हातात काहीच नाही. आणि सुरुवातीची रक्कम किती, तेही सांगितलं. त्याने मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला, दिवाळीच्या सुट्टीत चार खोल्यांचं एका रात्रीचं भाडं गुणिले रात्री असं मांडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्याचा आकडा मोठा होता.

"मग कॉल कशाला घेतोस?" मी विचारलं.

"खोल्या काय, पावसाळ्यात रिकाम्याच असतात ना," तो म्हणाला आणि पुढच्या मंगळवारची तारीख विचारून गेला.