आपल्याच मापाची खाच

"हे विकून टाका आणि नवीन घ्या. यावर आता काही बसत नाही." न्यू हॅम्पशायरमधल्या एका दुकानात काउंटरवरच्या पोरानं माझ्या जुन्या गिऱ्हाइकाला हे ऐकवलं. गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त गस्ती पोलीस. हातात हेकलर अँड कॉखची यूएसपी, पंचेचाळीस कॅलिबरची. पिस्तूल धडधाकट आहे. त्याला फक्त जुना पिवळा दिवा बदलून नवा एलईडी हवा होता. तो तिथून तडक माझ्या गॅरेजमध्ये आला आणि पिस्तूल बाकावर ठेवून गप्प बसला. ते वाक्य त्याच्याइतकंच मलाही लागलं, कारण या पिस्तुलाच्या पुढच्या खाचेशी मी दहा वर्षं झगडलोय.

त्याआधीची वर्षं भराभर उलटतो. पूर्वी पिस्तुलाला दिवा लावायची सोयच नव्हती. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात पिस्तूल, आणि मनगटांची फुली करून दोन्ही एका दिशेला धरायची हॅरिस पद्धत. काहीजण ट्रिगर गार्डला पट्ट्या आवळून दिवा बांधत. चार गोळ्यांत तो ढिला व्हायचा.

१९९३ साली जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फहून यूएसपी बाजारात आली. तिच्या प्लास्टिकच्या सांगाड्यात, नळीच्या खाली, दोन्ही बाजूंना खाचा साच्यातच ओतलेल्या होत्या. दिव्यासाठी जागा ठेवूनच पिस्तूल घडवायचं, हा विचार तेव्हा पुढचा होता आणि त्याचं श्रेय मी कधीच नाकारणार नाही. पण त्या खाचेचं माप त्यांचं स्वतःचं. पिकॅटिनी रेलचं, म्हणजे साधनं अडकवायच्या खोबणीदार पट्टीचं, अमेरिकी लष्करी मानक आलं १९९५च्या फेब्रुवारीत: खोबणीची रुंदी ५.२३ मिलीमीटर, एका खोबणीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १० मिलीमीटर. तेही मुळात रायफलवरच्या दुर्बिणीसाठी. म्हणजे १९९३ साली पाळायला मानकच नव्हतं, आणि कंपनीला मी दोष देत नाही. दोष देतो तो पुढचा. मानक आल्यावरही वर्षानुवर्षं तीच खाच चालू ठेवली, आणि पूर्ण आकाराच्या यूएसपीचा दिवा कॉम्पॅक्टला चालेना, तिथेही माप वेगळं. त्याचा भुर्दंड पडला तो विकत घेणाऱ्यावर.

मी इथे, न्यू हॅम्पशायरला, आलो १९९६ साली. भोसरीच्या टूलरूममध्ये कानस आणि व्हर्नियर हातात धरायला शिकलो होतो आणि तेवढ्या भांडवलावर एका छोट्या मशीन शॉपमध्ये लागलो. शेजारी शूटिंग रेंज होती, त्यामुळे रेंजवरची कामं आपसूक आमच्याकडे यायची. यूएसपीच्या खाचेत थेट बसणारा यूटीएल नावाचा दिवा मिळायचा, आमच्याच राज्यात लंडनडेरीला असलेल्या इन्साइट टेक्नॉलॉजीचा. पण नवे दिवे आणि लेझर यायचे ते ग्लॉकच्या नाहीतर पिकॅटिनीच्या मापाचे. मग अडॅप्टर. वरून यूएसपीच्या खाचेला धरणारा, खालून पिकॅटिनी दाखवणारा ॲल्युमिनियमचा तुकडा.

तुकडा दिसायला साधा, पण त्यानं सगळी गणितं बिघडायची. दिवा जवळजवळ बोटभर खाली जायचा. त्याची कळ बोटाच्या टप्प्याबाहेर. घेतलेलं होल्स्टर वाया. आणि त्याहून वाईट म्हणजे एका सांध्याचे दोन सांधे व्हायचे.

हाच पोलीस १९९९च्या हिवाळ्यात, बर्फात बूट भिजवून, दुकानात आला तो दिवस मला लख्ख आठवतो. त्याच्या लेझरचा ठिपका भटकत होता. दुकानात सात यार्डांवर ठीक, रेंजवर पंचवीस यार्डांवर चुकीचा. मी पिस्तूल रिकामं केलं, चेंबर दोनदा पाहिला आणि फीलर गेजची पाती एकेक सरकवून बघू लागलो. अडॅप्टर आणि खाच यांच्यात ०.१ मिलीमीटरची पाती अलगद आत गेली. पकड साठ मिलीमीटर लांब. म्हणजे एवढ्याशा खेळानं सात यार्डांवर ठिपका अर्धा इंचसुद्धा हलत नाही, पण पंचवीसवर जवळपास दीड इंच हलतो. पंचेचाळीसचा धक्का दर गोळीला तो खेळ वापरून घेत होता. मी पितळी पत्र्याची शिम कापली, कडा कानशीनं मारल्या, स्क्रूला निळं थ्रेडलॉकर लावलं आणि स्क्रूच्या डोक्यावरून अडॅप्टरवर पांढऱ्या रंगाची एकच बारीक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरलाय. पन्नास गोळ्यांनंतर ठिपका होता तिथेच होता.

असे जॉब त्या दहा वर्षांत किती केले, याची मोजदाद नाही. त्यातले बरेच एकाच विक्रेत्याच्या कृपेनं. त्याच्या डब्यावर 'कोणत्याही दिव्यासाठी' असं छापलेलं असायचं आणि आतल्या अडॅप्टरची पकड एका बाजूला तिरकी. मी मापं लिहून, रेखाटन काढून दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. गिऱ्हाइकांना मात्र सांगितलं जायचं की तुम्हीच स्क्रू जास्त आवळलात. पंचवीस वर्षं झाली तरी त्याचा राग गेलेला नाही. रात्री अंधाऱ्या जिन्यात शिरणाऱ्या माणसाला जो दिवा लागतो, त्याच्या मापाबद्दल खोटं बोलू नये.

लेझरबद्दलही तेव्हा भलतेच समज पसरले होते. ठिपका दिसला की नेम झाला, असं लोकांना वाटायचं. लेझर नळीच्या खाली असतो. दोन्ही रेषा एका अंतरावर जुळवल्या की पुढे त्या एकमेकींना ओलांडून जातातच. हिरवा लेझर, ५३२ नॅनोमीटरचा, उजेडात छान दिसायचा, पण आमच्या जानेवारीच्या थंडीत मंद पडायचा. लाल बिचारा टिकून राही. रेलचं झेंगटच नको म्हणून काहीजण क्रिमसन ट्रेसच्या वाटेनं गेले, म्हणजे लेझर मुठीतच. काहींनी लेझरमॅक्सचा घेतला, जो स्प्रिंगच्या दांड्यात बसतो. ज्यांनी तसं केलं त्यांना मी शहाणे म्हणायचो.

मग मानक जिंकलं. २००६च्या आसपास हेकलर अँड कॉखचीच पी३० आणि एचके४५ पिकॅटिनी रेल घेऊन आली. दिव्यांच्या डब्यात ग्लॉकसाठी एक आणि पिकॅटिनीसाठी एक अशा खोबणीत बसणाऱ्या, बदलायच्या किल्ल्या येऊ लागल्या. स्ट्रीमलाइटनं यूएसपीसाठी टीएलआर-३ आणि टीएलआर-४चे वेगळे नमुनेसुद्धा काढले. हे सगळं चांगलं झालं, मनापासून सांगतो. एक माप असल्यामुळे माणसं सुरक्षित राहतात आणि पैसे वाचतात.

पण त्याबरोबर बसवणारे हात गेले. दुकानात आता डबा फोडायचा, कळ दाबायची, झालं. बसत नसेल तर विकायला सांगायचं. त्या काउंटरवरच्या पोरानं खाचेत बोट घालूनही पाहिलं नाही. अडॅप्टर आहे का, तो घट्ट आहे का, हे विचारलं नाही. ज्या पिस्तुलानं वीस वर्षं एका माणसाची गस्त सांभाळली, त्याची किंमत त्यानं एका वाक्यात भंगारात काढली.

त्या संध्याकाळी मी जुना दिवा उतरवला आणि चष्मा नाकावर ओढून अडॅप्टर पाहिला. पितळी शिम काळवंडली होती. फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातं लावलं, आत गेलं नाही. पांढरी रेघ पिवळट पडली होती, पण सलग होती. खालच्या पिकॅटिनीवर नवा हजार ल्युमेनचा दिवा सरकवून आवळला. गॅरेजची बत्ती मालवून गिऱ्हाइकानं कळ दाबली, आणि मागच्या भिंतीवर टांगलेल्या माझ्या भोसरीच्या कानशी एकेक करून मोजता आल्या.