गुल्लक एक, ड्रेस दोन

ज्युदो शिकणारं पोर पैसे साठवायला लागलं, की हिशेब एका ड्रेसचा नसतो. आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेत पांढरा आणि निळा असे दोन ‘ज्युदोगी’ लागतात. ज्याचं नाव आधी पुकारलं जातं तो पांढऱ्यात, दुसरा निळ्यात. कोणती पाळी येईल ते आपल्या हातात नाही, म्हणून पिशवीत दोन्ही हवेत.

हा निळा रंग आला १९६४चा ऑलिम्पिक विजेता अँटॉन गेसिंक याच्या सूचनेवरून. पंचांना आणि टीव्हीच्या प्रेक्षकांना खेळाडू ओळखता यावेत, हा हेतू. जपानमधल्या जुन्या मंडळींना तो बिलकूल रुचला नाही. तरी ऑलिम्पिकमध्ये २००० साली सिडनीत निळा दिसलाच. सोय प्रेक्षकांची, खर्च पालकांचा!

कापड जाड, दुहेरी विणीचं. सगळा खेळ कॉलर-बाही पकडून ओढण्याचा, त्यामुळे कराटेचा हलका ड्रेस इथे टिकत नाही. बाही मनगटापर्यंत पोचलीच पाहिजे. सामन्याआधी ती मोजतात. आणि सुती कापड धुतल्यावर आटतं, पोराचे हात मात्र लांबतच राहतात. म्हणून थोडा मोठा घ्यावा, गार पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा. निळा पहिले काही दिवस वेगळाच भिजवावा, नाहीतर पांढऱ्याचं आकाशी होतं.

पैसे कमी असतील तर आधी पांढरा. सरावाला तो पुरतो, आणि क्लबातल्या मोठ्या मुलांना आखूड झालेला निळा बऱ्याचदा निम्म्या भावात मिळून जातो.