बॅकअप आहे, हे कशावरून?

मंडळी, गेल्या खेपेला आपण व्हर्च्युअल मशिन पाहिलं. एकाच यंत्राच्या पोटात दहा यंत्रं कशी नांदतात, ते पाहिलं. आज प्रश्न साधा आहे. सर्व्हर सांभाळणारा माणूस म्हणतो, ‘बॅकअप आहे.’ हे त्याला कशावरून कळलं?

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. गिटलॅब ही प्रोग्रामर मंडळींचा कोड सांभाळणारी कंपनी. तिचे डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि दुसरा त्याची नक्कल ठेवणारा. नक्कल मागे पडली, म्हणून ती पुसून नव्याने भरायचं ठरलं. अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली, पण चुकून मुख्य सर्व्हरवर. (दोन्ही काळ्या खिडक्या सारख्याच दिसतात हो!) एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. लिनक्सच्या आरएम आज्ञेला कचरापेटी नसते.

बरं, रोजचा बॅकअप अॅमेझॉनच्या एस-थ्रीमध्ये जायचा. पाहिलं तर तिथे काहीच नाही. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे ते दर वेळी अडून थांबत होतं. तसं कळवणारे ईमेल निघत होते, पण त्यांची सही जुळत नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. अझूर क्लाउडमधले डिस्कचे स्नॅपशॉट या सर्व्हरांसाठी सुरूच केलेले नव्हते. वाचवलं ते योगायोगाने. साधारण सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. लोकांचा कोड वाचला, पण त्या सहा तासांतल्या नोंदी, प्रतिक्रिया, नवी खाती गेली. कंपनीने हे सगळं उघड सांगितलं, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. याबद्दल आम्हाला त्यांचा आदर वाटतो.

आता आमच्या जुन्या धंद्याकडे वळू. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, खोटं ठरेपर्यंत. नैयायिक म्हणतात, नाही. समोर पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरं ठरलं. यालाच परतःप्रामाण्य म्हणतात. एरवी आम्ही मीमांसकांशी बराच वेळ वाद घालू शकतो, पण सर्व्हरच्या खोलीत नैयायिकच व्हावं लागतं. ‘चूक आली नाही’ म्हणजे मृगजळ दिसलं, एवढंच.

मृगजळ कसं तयार होतं, तेही पाहा. डेटाबेसचा डम्प काढून तो पाईपने जीझिपकडे द्यायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. डम्प फसला तरी जीझिप रिकाम्या पोटी काम करतं, वीस बाइटची फाइल बनवतं आणि ‘झालं’ म्हणतं. बॅश शेवटच्या आज्ञेचंच ऐकतो. पाईपफेल हा पर्याय चालू केला, तरच पहिलीची तक्रार त्याच्या कानी जाते.

इथे क्लाउड खरोखर उपयोगी पडतो. तासाभरासाठी एक मशिन भाड्याने घ्या. त्यावर कालचा बॅकअप उतरवा, तक्त्यांतल्या ओळी मोजा, काल संध्याकाळची एखादी ओळखीची नोंद उघडून पाहा. मग मशिन टाकून द्या. आणि हो, टाकताना कुठल्या खिडकीत आहात ते आधी वाचा. आम्ही यजमानाचं नाव मोठ्याने उच्चारतो. घरचे हसतात.