बाबासाहेबांचे न्यूयॉर्कमधील पहिले दिवस

बाबासाहेबांच्या परदेशातील शिक्षणाविषयी आपल्या सभांतून जे बोलले जाते ते बहुधा दोन वाक्यांत संपते. सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब अमेरिकेला गेले. अठरा-अठरा तास अभ्यास करून पदव्यांचा ढीग घेऊन ते परत आले. जाणे आणि येणे यांच्या मधला माणूस या दोन वाक्यांत कुठेच सापडत नाही. मीही अनेक वर्षे जयंतीच्या व्यासपीठावरून हेच बोलत आलो. मागल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीचा रात्री साडेअकराला फोन आला आणि माझे हे भाषण किती पोकळ आहे ते मला कळले.

ती आमच्या तालुक्याच्या कॉलेजातली. आई ऊसतोडीला जाणारी. मुलीने शिष्यवृत्ती मिळवली आणि इंग्लंडच्या उत्तरेकडील एका शहरात एम.ए.ला गेली. गावाने तिची मिरवणूक काढली. बाराव्या दिवशी तिचा फोन: "सर, मी परत येऊ का?" हप्ता आला नव्हता. वर्गात प्राध्यापकांचे उच्चार कळत नव्हते. जिच्याबरोबर स्वयंपाकघर वाटून घ्यायचे होते ती मुलगी आपल्याकडचीच. तिने पहिल्याच संध्याकाळी विचारले होते, "आडनाव काय तुझं?" आणि आडनाव ऐकल्यावर आपली भांडी वेगळ्या फडताळात नेऊन ठेवली होती. मी तिला म्हणालो, "अगं, बाबासाहेबांनी कसे दिवस काढले!" तिने विचारले, "कसे काढले, सर? पहिले पंधरा दिवस कसे काढले?" मला सांगता आले नाही. म्हणून मी पुस्तके पुन्हा काढून बसलो. जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

भीमराव आंबेडकर नावाचा हा तरुण १९१३ च्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कला पोहोचला. वय बावीस. आदल्या वर्षी एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालेला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील, सुभेदार रामजी, वारले. म्हणजे बोटीत बसताना वडिलांच्या मृत्यूला सहा महिनेही झाले नव्हते. मागे मुंबईच्या चाळीत रमाबाई आणि यशवंत. यशवंत तेव्हा काही महिन्यांचा होता. ४ जूनला बडोद्याच्या करारावर सही झालेली: शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. हा करार म्हणजे एक प्रकारचे ओझेच होते. आपण त्याला नुसते 'मदत' म्हणून मोकळे होतो.

शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची. त्या काळच्या दराने हे सुमारे छप्पन डॉलर होतात. छप्पन डॉलरांत न्यूयॉर्कसारख्या शहरात राहायचे, जेवायचे, पुस्तके घ्यायची आणि त्यातूनच घरी पैसे पाठवायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून सांगतो, शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब वेगळाच असतो. त्याच्या ताटातला घास मोजलेला असतो. दुसऱ्या मुलांना मजेत कॉफी पिताना पाहून तो मनातल्या मनात त्या पेल्याची किंमत आपल्या गावच्या ज्वारीत करतो. मी औरंगाबादला शिकायला गेलो तेव्हा (आम्हाला तेव्हा औरंगाबाद हाच परदेश होता) मेसच्या पैशातून धाकट्या भावाची फी भरत असे आणि एक वेळ जेवत असे. ही काही थोर गोष्ट नव्हे. आपल्यातल्या शेकड्यांनी मुलांनी हे केले आहे. बाबासाहेबांचा थोरपणा यात शोधू नये. त्यांचे आणि आपले नाते मात्र यात जरूर शोधावे.

पहिला आठवडा त्यांनी विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात काढला. धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की तिथले जेवण त्यांना रुचले नाही. अन्न नीट शिजवलेले नसे आणि गोमांस फार असे. ही नोंद वाचून मी थबकलो. कारण आपण त्यांना पुतळ्यात पाहतो, आणि पुतळ्याला जेवण आवडत नाही असे कधी होत नाही. ज्याच्या मानेवर सुभेदारांच्या कबीरपंथी घराचे संस्कार होते अशा मुलाने ताट पुढे सरकवले असेल, तेव्हा त्याला मुंबईच्या चाळीतली भाकरी आठवली असेल की नाही? आठवडाभराने ते वेस्ट ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले, कारण तिथे काही भारतीय विद्यार्थी होते. म्हणजे तेही आधी आपल्या बोलीचे, आपल्या चवीचे माणूस शोधत गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी तरुणाबरोबर त्यांनी बिऱ्हाड केले, आणि ही मैत्री जन्मभर टिकली.

या मैत्रीकडे नीट पाहिले पाहिजे. १९२० साली अपुरा अभ्यास पुरा करायला लंडनला परत जायचे होते तेव्हा याच भथेनांनी कर्जाऊ पैसे दिले. आणि १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला गेल्यावर ज्या पारशी धर्मशाळेत बाबासाहेब नाव लपवून राहिले, तिथे अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन चालून आलेले डझनभर लोकही पारशीच होते. माणूस तोच, धर्म तोच. न्यूयॉर्कमध्ये तो खोलीतला सोबती होतो आणि बडोद्यात तो सामान बाहेर फेकायला येतो. फरक जमिनीचा आहे. ज्या जमिनीवर जातीची व्यवस्था मुरलेली असते ती आपल्यावर उभ्या असणाऱ्या सगळ्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आपल्यासारखे करून टाकते.

न्यूयॉर्कने त्यांना समता दिली असे आपण म्हणतो. हे खरे आहे, पण अर्धे खरे आहे. त्या शहराला 'महार' हा शब्दच ठाऊक नव्हता. त्यामुळे तिथे कोणी विचारू शकत नव्हते. एकाच टेबलावर जेवता येत होते, ग्रंथालयात कोणत्याही खुर्चीवर बसता येत होते, नळाला तोंड लावता येत होते. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय तहान न भागलेल्या मुलाला हे केवढे वाटले असेल! पुढे १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी सांगितले आहे की परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून टाकली होती. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर, आता जायचे कुठे, हा प्रश्न पडला तेव्हा ती पुन्हा जागी झाली.

पण हेच शहर दुसऱ्या कोणाला समता देत नव्हते. कोलंबिया विद्यापीठ मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्यावर आहे. त्याच्या पूर्वेला, बागेच्या उतारापलीकडे, हार्लेम. त्याच वर्षांत काळे लोक मोठ्या संख्येने हार्लेममध्ये राहायला येत होते. त्याच १९१३ साली अध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांतून काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवण्याची चाल वाढली. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांचे 'क्रायसिस' हे नियतकालिक न्यूयॉर्कमधूनच निघत होते. तरुण आंबेडकरांनी त्या दिवसांत यातले किती पाहिले, हे ठरवून सांगण्याचा आव मी आणत नाही. मात्र १९४६ साली त्यांनी स्वतःहून दु बॉइस यांना पत्र लिहिले आणि आपण निग्रोंच्या प्रश्नाचे विद्यार्थी आहोत असे त्यात कळवले, हे पत्र उपलब्ध आहे. विद्यार्थी कधीपासून, हा विचार आपण करावा.

अभ्यासाकडे येतो. एलिनॉर झेलिअट यांनी त्यांच्या कोलंबियातील अभ्यासक्रमांची मोजदाद दिली आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. एकूण साठ. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. मला त्यात भूकही दिसते. जो मुलगा मुंबईत संस्कृत शिकू इच्छित होता आणि ज्याला जातीमुळे ते नाकारून फारसी घ्यावी लागली, त्याच्यासमोर असे विद्यापीठ आले की जिथे कोणत्याही वर्गाचे दार ढकलता येत होते. ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन यांच्यासारखे अध्यापक. १९३० साली त्यांनी लिहिले की आयुष्यातले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही वर्गबंधू आणि हे प्राध्यापक. गुरूंना मित्र म्हणणे आपल्या गुरुकुलाच्या परंपरेत बसत नाही. एकलव्याच्या वारसाने ते म्हटले याचे मला फार समाधान वाटते.

त्या सुरुवातीच्या काळात न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका परिचिताला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती वेगाने होईल असे सांगितले आहे. नवख्या शहरात स्वतःचा जम बसवण्याची धडपड चालू असताना हा बावीस वर्षांचा पोरगा गावाकडच्या मुलींची गोष्ट काढतो. ती ऊसतोड कामगाराची मुलगी त्या पत्राची वारस आहे, असे मी तिला दुसऱ्या फोनवर सांगितले. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, ते पत्र मला पाठवा."

१९१५ साली एम.ए.; विषय प्राचीन भारतीय व्यापार. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात 'भारतातील जाती' हा निबंध. लक्षात घ्या, परदेशी जाऊन त्यांनी आपल्याच घराची झडती घेतली. आता २०२२ सालची एक गोष्ट तिच्याशेजारी ठेवा. त्या वर्षी केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. त्या नियमाने बाबासाहेबांचा एम.ए.चा प्रबंधही बाहेर आणि जातीवरचा निबंधही बाहेर. यंत्र शिका, औषध शिका, पण तुमच्या अंगावर पडलेल्या दगडाचा अभ्यास परक्या देशात, मोकळ्या हवेत बसून करू नका, असा याचा अर्थ होतो. सयाजीराव राजे होते, संस्थानिक होते. त्यांनी असली अट घातली नव्हती.

आणखी एक फरक. १९१३ च्या न्यूयॉर्कला जात माहीत नव्हती. आज ती आपल्याच लोकांनी बोटीतून, विमानातून तिकडे नेली आहे. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा ठराव करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अशाच स्वरूपाचे विधेयक विधिमंडळात संमत झाले आणि राज्यपालांनी ते अडवले. तेव्हा माझ्या विद्यार्थिनीला जे फडताळ पाहावे लागले ते बाबासाहेबांना कोलंबियात पाहावे लागले नव्हते. या एका बाबतीत तिचे दिवस अधिक कठीण आहेत, आणि हे तिला सांगितले पाहिजे. 'बाबासाहेबांनी काढले, तू पण काढ' एवढ्यावर भागत नाही.

ती परत आली नाही. हप्ता सातव्या आठवड्यात आला. तोवर इथल्या चार शिक्षकांनी वर्गणी करून पैसे पाठवले. तिने खोली बदलली. आता घाना देशातली एक मुलगी तिच्याबरोबर राहते. तिच्या आईकडे साधा फोन, म्हणून दर रविवारी ती माउली आमच्या घरी येते आणि माझ्या फोनवरून लेकीला पाहते. पहिल्या रविवारी तिने मला विचारले होते, "सर, लेकराला तिथं भाकर मिळती का वो?" मागल्या रविवारी मुलगी विजेच्या शेगडीसमोर उभी होती. कुठल्याशा दुकानात ज्वारीचे पीठ मिळाले होते. भाकरी थापता थापता कडेने चिरत होती आणि ती घानाची मुलगी शेजारी हसत उभी होती. आई फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाली, "गार पाण्यात मळू नगं, उकळतं पाणी घाल पिठात."