पोटगीचा कायदा – लेखांक सातवा : पत्त्याची ओळ

पोटगीची रक्कम कशी ठरते हे गेल्या लेखांकात पाहिले. परंतु रक्कम ठरणे आणि ती लेकराच्या ताटापर्यंत पोहोचणे यांमधले अंतर पुष्कळदा अर्जातील एका ओळीवर, म्हणजे पत्त्याच्या ओळीवर, अवलंबून असते, हे पक्षकारांच्या ध्यानी फार उशिरा येते.

आमच्या फैजपूरकडचाच प्रकार घ्या. पतीचा पत्ता म्हणून वडिलोपार्जित घर लिहिलेले. तो मात्र सुरतेस उधना-लिंबायतच्या बाजूला मागावर कामाला लागलेला आणि तेथेही वर्षा-दीड वर्षाने भाड्याची खोली बदलणारा. इकडे यावलच्या न्यायालयाचे समन्स दारी आले की म्हातारा बाप ओसरीवरूनच ‘तो इथं राहत नाही’ म्हणून सांगतो, आणि ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन कागद परत जातो. अशा चार-पाच तारखा पडेपर्यंत लावलेल्या केळीचे घड कापणीस येतात.

पत्ता दडविल्याने देणे चुकते ही समजूत मात्र निखालस खोटी आहे. बजावणी हेतुपुरस्सर टाळणाऱ्याविरुद्ध एकतर्फी चौकशी करून हुकूम देण्याची मुभा जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 126 मध्ये होती, ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 145 मध्येही आहे. तो हुकूम रद्द करून घ्यावयाचा तर सबळ कारण दाखवून 3 महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. शिवाय नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय ठरविली. म्हणजे परतलेले प्रत्येक समन्स लेकराच्या बापाच्याच डोक्यावरची थकबाकी वाढवीत असते. त्याच निकालाने उभय पक्षांवर लादलेल्या प्रतिज्ञापत्रात नोकरी, उत्पन्न वा अन्य माहितीत महत्त्वाचा बदल झाल्यास न्यायालयास तात्काळ कळविण्याची हमी आहे. ती वाचून सही करणारे किती, हा प्रश्न मी वकीलमंडळींवरच सोपवितो.

हे बंधन आईवरही तितकेच आहे. माहेर सोडून ती भुसावळला राहावयास गेली, बँकेचे खाते बदलले आणि ते कळविले नाही, तर ‘मी भरीत होतो, पैसे परत आले’ हे उत्तर बापाच्या तोंडी आयतेच पडते. आणि थकलेला हप्ता देय झाल्यापासून एका वर्षात वसुलीचा अर्ज झाला नाही, तर त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही.

अमेरिकेत 1996 च्या कायद्यान्वये आईबापांनी आपला ठावठिकाणा राज्याच्या दफ्तरी नोंदवून तो अद्ययावत ठेवावयाचा असतो. आपल्याकडे असे स्वतंत्र दफ्तर नाही. जे आहे ते प्रकरणाच्या फाइलीतच. म्हणून ज्यांचे घर, फोन, नोकरी किंवा खाते बदलले असेल, त्यांनी पुढील तारखेची वाट न पाहता साध्या कागदावर पुरशिस, म्हणजे न्यायालयास द्यावयाचे लेखी निवेदन, लिहून ती प्रकरणात दाखल करावी, आणि दाखल केल्याच्या शिक्क्यानिशी एक प्रत आपल्यापाशी जपून ठेवावी.