बँक म्हणजे काय?

'बँक' हा शब्द इंग्रजी आहे, हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुळात तो इटलीचा. तिकडे 'बांको' म्हणजे बाक. सराफ बाकावर नाणी मांडून बसत. आपली 'पेढी' तशीच, म्हणून ब्लड बँकेला आपण रक्तपेढी म्हणतो. स्थळ बघताना 'मुलगा बँकेत आहे' म्हटले की नोकरी पक्की! आणि व्होट बँक? तिथे ठेव आपली, पासबुक मात्र पुढाऱ्याच्या खिशात.

इंग्रजीत नदीकाठालाही बँकच म्हणतात. माणगंगेकाठच्या म्हसवडमध्ये बायकांनी चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. कारण, प्रवर्तक बायका अंगठा उठवणाऱ्या. मग त्या लिहावाचायला शिकल्या, पुन्हा साहेबांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पुढे पैसे काढायच्या कार्डाचा विषय निघाला. गुप्त आकडा कोणीही विचारून घेईल, तेव्हा अंगठ्याचीच खूण ठेवा, असे एका खातेदार बाईने सुचवले. अंगठा काही कोणी चोरून नेत नाही!