व्हॅन घेऊन नदीकाठी मुक्काम

शुक्रवारी रात्री मुलुंड किंवा अंधेरीहून निघायचं, गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा आणि सकाळी दार सरकवलं की समोर नदी. कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन असा बेत करणारे गाडीतल्या सोयींची भरपूर चौकशी करतात, नदीची मात्र फारशी करत नाहीत. खरी चौकशी तिचीच करायला हवी.

जागा कुठे मिळते

अमेरिकेत राज्यांच्या उद्यानांत अशा गाड्यांसाठी नंबर घातलेल्या जागा असतात. बऱ्याच ठिकाणी वीज, पाणी आणि शौचालयाची टाकी रिकामी करायची सोय मिळते. आपल्याकडे मुंबईच्या दाराशीच सुमारे 104 चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि दहिसर नदी तिथेच तुळशी तलावापासून निघते. पण ते बिबट्यांचं घर आहे. रात्री तिथे मुक्कामाच्या गाड्या नसतात, आणि नसाव्यातच. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं असलं, तरी नदीकाठचा मुक्काम म्हटलं की बहुधा कर्जत, शहापूर किंवा कोलाडकडचा खासगी कॅम्पच गाठावा लागतो.

कोलाडची कुंडलिका

कोलाडला जायला मुलुंडकरांना ऐरोली पूल जवळ. बोरिवली-अंधेरीकरांनी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने तोच पूल गाठावा. घाटकोपरहून मानखुर्दमार्गे वाशी सोयीचं. पुढे पळस्पे, पेण, नागोठणे, कोलाड.

कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते, कारण तिच्यात मुळशी धरणाचं पाणी येतं. मूळ पाणी मुळा नदीचं. अडवलं नसतं तर ते भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. टाटांच्या प्रकल्पाने ते सह्याद्रीच्या पश्चिमेला वळवलं आणि 1927 पासून भिऱ्याच्या वीजघरात त्यावर वीज तयार होते. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह लढवला होता. त्यात बुडालेल्या गावांची आठवण कुंडलिकेच्या काठी बसणाऱ्याला असायला हवी.

वीजघर चालू झालं की वापरलेलं पाणी खाली येतं आणि नदी चढते. राफ्टिंगच्या वेळा त्यावरच ठरतात. पाणी येण्याआधी काळे खडक उघडे असतात, मुलं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. थोड्या वेळाने त्याच खडकांवरून फेसाळ पाणी धावू लागतं, आणि वर आभाळ निरभ्र असतं! म्हणून मुलांना पाण्यात सोडण्याआधी, आज पाणी कधी येणार, हे कॅम्पवाल्याला विचारून घ्या.

गाडी कुठे लावायची

काठावर नीट बघा. खडकावर ओलीची रेघ दिसते, झुडपांत पालापाचोळा आणि प्लॅस्टिक अडकलेलं असतं. पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं आहे. गाडी त्याच्या बरीच वर, कडक मुरमावर, तोंड रस्त्याकडे करून लावावी. वाळूत किंवा भाताच्या खाचरात चाक रुतलं की एवढं वजन ट्रॅक्टरशिवाय निघत नाही.

विजेसाठी 15 अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लग मागा. ओल्या गवतावरून ओढलेली उघड्या जोडांची वायर दिसली, तर ती जागा सोडा.

सांडपाणी

शौचालयाची टाकी फक्त मालकाला विचारून सेप्टिक टँकमध्येच रिकामी करायची. भांड्यांचं साबणाचं पाणीही नदीत नको. खालच्या गावातल्या बायका त्याच पाण्यावर धुणी धुतात, गुरं तेच पाणी पितात. शहरातून दोन दिवसांसाठी येऊन त्यांचं पाणी नासवायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये पत्र्याची गाडी दुपारी तापते.

पावसाळ्याचं मात्र एक उदाहरण लक्षात ठेवा. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. रेल्वेच्या भरावापर्यंत चढणाऱ्या पाण्यापुढे व्हॅन टिकणार नाही. जून ते सप्टेंबर नदीकाठी मुक्काम करू नका. कॅम्पवाला कितीही खात्री देत असला तरी नाही.